लतीफभाऊच्या पायातली खोट

हे आजपर्यंत माझ्या तोंडातून बाहेर पडलं नाई. बायको गेली—तिलेबी सांगतलं नाई. पोरं मांगं लागत, बाबा, तुमच्या वक्तीच्या मोटारींचं सांगा न—मंग मी सांगे. हे एक सोडून सारं सांगे. आज तुमाले सांगून राह्यलो. काऊन आज? काऊन तुमाले? मलेच धड माहीत नाई. तुमी मले ओळखत नाई, मी तुमाले ओळखत नाई, हे एक बरं आहे. ऐकता ऐकता माझा राग आला त येऊ द्या. मधात थांबवू नका फक्त, नाईतर मी फाटा फोडून दुसरंच काई सांगत बसीन. ती खोड मले जुनी आहे.

मी मोटारीचा मिस्त्री. चांद्याले—आता चंद्रपूर म्हणतात—जटपुऱ्याच्या वेशीबाहेर माझं टिनाचं दुकान होतं. स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. तवा साऱ्या जिल्ह्यात मोटारी किती? अन् मिस्त्री त्याहून कमी. म्हणून मिस्त्रीनं म्हटलं इंजन गेलं, त गेलं. मिस्त्रीनं म्हटलं डायवर गाडी खराब करते, त त्या डायवरले कोणी उभं करत नसे. त्याच्यावर अपील नाई. शिकलेल्या माणसांना हे खोटं वाटन, पण मालकलोकांना गाडीतलं कायबी कळत नव्हतं अन् आमाले कळते असं त्यांना वाटे. आमी ते वाटू देऊ.

अन् मी स्वभावानं संशयी. पोरपणापासून. चहात साखर कमी पडली त मले वाटे, मुद्दाम कमी घातली. बायको माहेरून दोन दिवस उशिरा आली त मी पाहुण्यांपाशी चौकशी करे. माझ्या धंद्यात हा गुण मानत. गाडी बिघडून आली की मी पयले गाडीकडे पाहेच नाई, आणणाऱ्याकडे पाहे. कुठी नेली होती? कोण बसलं होतं? पेट्रोल कोणी काढलं? मंग बोनेट उघडे. लोक म्हणत, दौलत मिस्त्रीपाशी खोटं चालत नाई बाप्पा. मी मिशीतल्या मिशीत हासे.

आता लतीफभाऊचं सांगतो.

एक मालगुजार होते, गावांचे जमीनदार म्हणा. मालगुजारी गेली, मोटर राह्यली. मंग ते सागाचा ठेका करू लागले—जंगलातला तोडीचा तुकडा, त्याले कूप म्हणतात, तो लिलावात घेत अन् झाडं तोडून लाकूड विकत. मूल गावाच्या पुढं गर्द जंगलात त्यांचा डेरा होता. मोटर होती लढाईच्या आधीची, कापडी टपाची, लांबच लांब अमेरिकन. अन् ती चालवायले लतीफभाऊ. मूलचाच माणूस, चाळिशीचा, सडपातळ. गाडीत बसायच्या आधी चपला काढून ठेवे—मातीचा पाय पायडलावर नको म्हणून. अनवाणी गाडी चालवे. तुमी पायला का असा डायवर? मी तरी तो एकच पायला.

मले तो आवडे का? आता खोटं कशाले बोलू. नाई आवडे. एकदा माझ्या दुकानातून गाडी नेतांनी, चार गिऱ्हाइकांसमोर तो खाली वाकला अन् म्हणाला, “मिस्त्री, हा नट ढिला राह्यला वाटते,” अन् त्यानं स्वतःच पाना घेऊन आवळला. काई टोमणा नाई, काई नाई. साधा बोलला. अन् बरोबरच होता तो, नट ढिलाच होता. म्हणूनच मले लागलं. तवापासून तो आला की मी कपाळाले आठी घालूनच बोले.

त्या वर्षी दिवाळीले मी त्या मोटारीचा क्लच खोलला. नवीन पट्टी टाकली, दांड्या धुतल्या, सारं जोडून दिलं. मालक खूश, गाडी लोण्यासारखी चाले. मंग थंडी पडली. डिसेंबर लागला अन् लतीफभाऊ गाडी घेऊन माझ्या दारात.

जरा समजून घ्या, लय कठीण नाई. क्लचचं पायडल दाबलं की खालची आडवी दांडी फिरते, ती दुसरी दांडी ओढते, अन् क्लच सुटते. पाय काढला की स्प्रिंग पायडल वर आणते, क्लच पुन्हा पकड घेते. पायडल पुरतं वर आलं नाई, बोटभर जरी खाली राह्यलं, त क्लच अर्धवट सुटलेला राह्यते. इंजन बोंबलते, गाडी जागची हालत नाई, अन् आतली पट्टी जळते. बस, इतकंच शास्त्र आहे. ह्या इतक्याशा गोष्टीपायी मी काय केलं, तेच सांगायचं आहे.

लतीफभाऊ म्हणाला, “मिस्त्री, डेऱ्याच्या पुढं नाला आहे न, त्याच्या चढावर सकाऊन गाडी वर जातच नाई. पायडल आळसावते. उन्हं चढली की बराबर.”

मी हासलो. म्हटलं, “पायडल का कचेरीतला बाबू आहे, सकाऊन आळस कराले?” दुकानातली माणसं खो-खो हासली. तोबी हासला बिचारा. मी गाडीत बसलो, पायडल दाबलं—टण्णकन वर. पुन्हा दाबलं, पुन्हा वर. दांडीची ढील मोजली, दोन बोटं, पायजे तितकी. स्प्रिंग कडक. दुपारचे दोन वाजले होते, चांद्यातलं ऊन, थंडीतबी पाठ भाजे. मी म्हटलं, गाडीत काई नाई, घेऊन जा.

आठ दिवसांनी पुन्हा आला. तेच गाऱ्हाणं. पुन्हा दुपारच. मूलपुढून निघून पोचता पोचता दुपार होणारच. म्हणाला, “एक डाव तुमी सकाऊन या न डेऱ्यावर. तुमच्या डोळ्यानं पाहा.” मले वाटलं, हा मले शिकवून राह्यला. मी क्लच उघडला. पट्टी करपलेली, जळका वास नाकात बसला. अन् मले वाटलं, सापडलं! ढील बराबर, स्प्रिंग बराबर, दांड्या बराबर—अन् पट्टी जळलेली. मंग उरलं काय? माणूस. पायडलावर पाय टेकवून गाडी चालवणारे डायवर मी पायले होते. खोड असते एकेकाले. पट्टी बदलून दिली अन् त्याले तोंडावर काईच बोललो नाई. पण त्या दिवसापासून मी त्याच्या पायाकडे पाहू लागलो.

संशय एकदा डोक्यात शिरला की तो उपाशी बसत नाई. त्याच दिवशी निघायच्या आधी लतीफभाऊ बाजारात गेला. मी मांगं मांगं गेलो. हो, मी—पस्तिशीचा माणूस, दुकान उघडं टाकून, चोरावानी. तो एका गाडीवानापाशी उभा होता. दोघं हळू आवाजात बोलत होते. गाडीवानानं मान हालवली अन् दोघं पांगले. मले वाटलं, काईतरी शिजून राह्यलं. लय दिवसांनी कळलं का तो घरच्या बकरीसाठी कुटार, चारा, कुठी भेटन ते पुसत होता.

अन् नेमकं तवाच मालक चांद्याले आले. माझ्या दुकानात आजवर पाय न ठेवलेले मालक बाकड्यावर येऊन बसले. म्हणाले, कुपातून सागाचे ओंडके चोरीले जाऊन राह्यले. सकाऊन सकाऊन जाते माल. मी रोज दिवस निघता निघता पाह्यले जातो, पण आठ दिवसांत तीनदा गाडी नाल्यात अडकली. अन् तिन्ही दिवशी माल गेला. मंग माझ्याकडे टक लावून त्यांनी पुसलं, “दौलत, खरं सांग. खोट गाडीत आहे का माणसात?”

मी काय म्हणायले पायजे होतं? माहीत नाई, सकाऊन येऊन पाहतो—बस. पण माहीत नाई असं म्हणणारा मिस्त्री मी नव्हतो. मी म्हटलं, “मालक, गाडीले खोटं बोलता येत नाई.” इतकंच. अन् मंग हळूच त्या गाडीवानाचंबी सांगून टाकलं. मालकांचं तोंड उतरलं. लतीफभाऊ त्यांच्यापाशी पंधरा वर्षं होता.

तरी त्यांनी एक केलं. म्हणाले, तू डेऱ्यावर ये, त्याच्यासमोर चालवून दाखव, मंग मी काय ते ठरवतो. एवढा न्याय त्यांच्यात होता. मी दुसऱ्याच दिवशी गेलो. दिवस मावळता मावळता पोचलो. लतीफभाऊ मले पाहून इतका खूश झाला, म्हणाला, “आले न शेवटी! आता सकाऊन पाहा तुमी.” माझ्यासाठी त्यानं तणसाची गादी केली, स्वतःचं कांबळं दिलं. मले वाटलं, लाडीगोडी लावून राह्यला. तुमी म्हणान, इतकं वाकडं मन असते का? असते. माझं होतं.

आता पुढचं सांगायले जीभ अडते.

सकाऊन उठलो त अंग काकडून गेलं. जंगलातली थंडी चांद्याच्या थंडीहून लय न्यारी. तोंडातून वाफा. चुलीपाशी गेलो. रांधणारी गोंडीण बाई चुलीजवळ बसली होती, अन् तेलाचा डबा तिनं निखाऱ्यापाशी कलता करून ठेवला होता. मी म्हटलं चहा दे वं बाई. ती म्हणाली, “देतो भाऊ. तेल गोठलं, ते पयले इरघळू देतो.” मी डब्यात पायलं. पांढरं-पिवळं, तुपावानी घट्ट. मी पाहत राह्यलो.

मले आता मांगं जावं लागते. दिवाळीच्या कामाचं मी तुमाले अर्धंच सांगतलं. पायलं—आताबी लपवायलेच गेलो. त्या दिवशी क्लचच्या दांड्या धुतल्या, जोडायले घेतल्या, अन् ग्रीसचा डबा पाहतो त रिकामा. ग्रीस यायचं नागपूरहून. दिवाळीत कोण आणते? अन् मालकांना मी सांगून बसलो होतो का सांजेले गाडी तयार. मंग मी घरात गेलो अन् बायकोच्या रांधणीतून टोळीचं तेल आणलं. टोळी म्हणजे मोहाच्या बिया. आमच्या झाडीपट्टीत घरोघरी तेच तेल—तळण त्याचं, दिवा त्याचा, बैलगाडीच्या आखालेबी तेच. म्हटलं बैलगाडीले चालते त मोटारीले काय धाड भरली? आडव्या दांडीच्या बुशीत, म्हणजे दांडी ज्या नळीत फिरते तिच्यात, चांगलं भरभरून घातलं. दिवाळीची दुपार, उकाडाच होता, तेल पानीपान होतं. दांडी अशी फिरली, अशी फिरली! अन् मालकांना म्हटलं, असली ग्रीस घातली मालक, नागपूरची.

टोळीचं तेल थंडीत गोठते हे झाडीपट्टीतल्या शेंबड्या पोरालेबी माहीत आहे. माझी बायको रोज सकाऊन डबा चुलीच्या कडेले ठेवे. मी रोज पाहे. अन् दोन महिन्यांत एकदाबी माझ्या टाळक्यात आलं नाई का जे डब्यात गोठते ते बुशीतबी गोठन. सकाऊन थिजे, पायडल बोटभर खाली अडके. उन्हं चढली, गाडी चांद्याकडे निघाली, की इरघळे. माझ्या दारात येईपर्यंत सारं साफ. लतीफभाऊनं मले नेमकं सांगतलं होतं. पायडल आळसावते. याहून सरळ कोण सांगन? अन् मी त्याच्यावर माणसं हासवली.

मी चहासाठी थांबलो नाई, गाडीपाशी गेलो. तिथी कोणी नव्हतं. लतीफभाऊ नाल्यावर गेला होता, तोंड-हात धुवून नमाज पढायले. मालक अजून राहुटीत. मी वाकून हातानं पायडल दाबलं अन् सोडलं. अर्ध्यापर्यंत आलं. मंग हळू, हळू—अन् बोटभर खाली थांबलं. मी नखानं बुशीची कड खरवडली. नखात पांढरं आलं. हुंगलं. माझ्याच घरच्या रांधणीचा वास.

आता हे नीट ऐका. मले वेळ होता. कोणी माझ्या अंगावर धावून येत नव्हतं. नाल्यावर लतीफभाऊ वाकून उभा राहे, पुन्हा वाके, ते मले झाडांतून दिसत होतं. मी विचार केला. पुरा विचार केला. खरं सांगतलं त काय होईन? मालक म्हणतील, ग्रीस म्हणून तेल घातलं? चांद्यात बोभाटा होईन. लोक हासतील—मी हासवत होतो तसे. माझ्या पिशवीत ग्रीसचा डबा होता, नागपूरचा, ह्या खेपेले खरा. मी घासलेटात चिंधी बुडवली, गाडीखाली शिरलो, बूश धुतली, पुसली, पुन्हा धुतली, अन् ग्रीस भरली. पायडल दाबलं. टण्णकन वर. चिंधी मी चुलीत टाकली. गोंडीण बाईनं भडका पायला अन् तेलाचा डबा मांगं सरकवला.

मंग मालक आले. लतीफभाऊ आला, चपला काढल्या, गाडीकडे गेला. मालक म्हणाले, पयले दौलत चालवन. मी बसलो. दात वाजावे अशी थंडी. नाल्यात उतरलो, रेतीतून गेलो, चढावर घेतली. सरसर वर. मालक बाजूलेच बसले होते. गाडी वळवून पुन्हा नाल्याअलीकडे आणली अन् लतीफभाऊले म्हटलं, आता तुमी.

त्यानं घेतली, आमी दोघं गाडीतच. गाडी वर गेली. अटकली नाई, बोंबलली नाई. अन् माहीत आहे, तो काय म्हणाला? वर पोचल्यावर लेकरावानी हासला. म्हणाला, “सुदरली! मालक, पाहा, आज वर आली! मिस्त्री, काय केलं तुमी?”

पुसलं त्यानं मले. तोंडावर पुसलं. त्याले त वाटलं, मिस्त्रीनं येऊन गाडी दुरुस्त केली, आता माझं बालंट गेलं. मी नुसतं खरं सांगायचं होतं. अर्धं सांगतलं असतं तरी चाललं असतं—बूश धुतली, ग्रीस घातली, जुनी खराब झाली होती. माझी लाज राह्यली असती, त्याची नोकरीबी राह्यली असती. हे मले तवाच सुचलं नाई असं नाई. सुचलं होतं. पण त्यातबी मालकांनी पुसलं असतं, मंग दुकानात दोनदा कसं दिसलं नाई तुले?

मी म्हटलं, “मी हातबी लावला नाई लतीफभाऊ. आज तुमच्या पायाकडे चार डोळे पाहून राह्यले, म्हणून तुमी पाय काढून घेतला.”

त्याचं हासणं तोंडावर तसंच राह्यलं थोडा वेळ. मंग त्यानं खाली पायलं. आपल्या अनवाणी पायाकडे. पाय उचलून, पुन्हा ठेवून पायला. मले वाटलं आता हा भांडन, शिव्या देईन, माझी गचांडी धरन. मी तयार होतो. भांडला असता त मीबी चार शब्द जास्तीचे बोललो असतो अन् मले बरं वाटलं असतं. तो भांडला नाई. म्हणाला, “मी नाई ठेवत पाय. मले त नाई वाटत.” मंग म्हणाला, “पण तुमी म्हणता त... तुमी जाणते आहा.”

मालकांनी हात पुढं केला. “किल्ली दे.”

पंधरा वर्षं. त्यानं किल्ली दिली, चपला घातल्या, राहुटीतून आपली पेटी आणली अन् पायी निघाला. मालकांना त्या दिवशी मूलले जायचं होतं. मले म्हणाले, तूच चालव. मी त्याच्या जाग्यावर बसलो. वाटेत तो दिसला, डोक्यावर पेटी. मी हारन वाजवला, तो बाजूले झाला. धूळ त्याच्या अंगावर उडाली. मी आरशात पायलं नाई. कशाले पाहू?

पुढं चोर सापडले. दुसरेच लोक होते, दुसऱ्याच वाटेनं माल नेत होते, त्यात लतीफभाऊचं नावबी नव्हतं. मले वाटलं, आता मालक त्याले बलावतील. मालक मले म्हणाले, “चोर नव्हता तो. पण मंग नुसत्या पायाच्या खोडीपायी गाडी जाळली माझी. असा डायवर कोण ठेवन?” म्हणजे चोरीतून तो सुटला असता, माझ्या शब्दातून नाई सुटला. अन् कोणीच ठेवलं नाई. चांद्यात नाई, मूलमध्ये नाई, गडचिरोलीकडे नाई. एका सावकारानं मले पुसलं होतं, लतीफ कसा आहे रे, गाडी द्यायची का? मी खांदे उडवले. तोंडानं काई म्हटलं नाई. म्हणून ते खोटं होत नाई का?

आता लतीफभाऊ नाई या जगात. मी हे तो असतांनी सांगू शकलो असतो. तशी वेळ आली होती. तेवढं सांगतो अन् थांबतो.

तीन-चार वर्षांनी मी मूलले गेलो होतो. एका धानाच्या गिरणीचं इंजन बंद पडलं होतं, ते पाह्यले. तिथी पोती वाहणाऱ्यांत तो होता. अंगभर कोंडा, पाठ वाकलेली. मीच नजर चोरली. त्यानंच हाक मारली, “मिस्त्री!” अन् इतक्या मायेनं हात धरला, अन् घरी चला म्हणाला, चहा पिऊनच जा. मी लय ना-ना केलं. ओढतच नेलं.

घर म्हणजे एक खोली. दारात बकरी बांधलेली. त्याची बायको आत चहा करत होती, मले तिनं नुसता सलाम केला. लतीफभाऊ बोलत होता. म्हणाला, मी लय विचार केला मिस्त्री, रात-रात केला. पयले मले तुमचा राग आला होता, झूट कशाले बोलू. मंग मी सोताले पाहू लागलो. बसलो तरी पाय कुठी आहे ते पाहतो. चालतांनी पाहतो. माणसाले आपलीच खोड दिसत नाई, तुमी पकडली. नाईतर कोणत्या दिवशी कोणाचा जीव गेला असता माझ्या हातून. एकानं मांगच्या वर्षी टरक देऊ केला होता, मीच नाई म्हटलं. मले माझ्या पायाचा भरोसा नाई राह्यला. असं म्हणाला, अन् हासला. माझे उपकार मानून राह्यला होता तो.

मी काय म्हटलं असन? मी म्हटलं, “खोड अशीच असते लतीफभाऊ. ज्याची त्याले कळत नाई.” त्या वक्ती मले कोणाचं भ्याव होतं? मालक नव्हते, गिऱ्हाईक नव्हतं, ती मोटर भंगारात गेली होती. तरी म्हटलं.

चहा घेऊन त्याची बायको आली. कप माझ्यापुढं ठेवला अन् ती गेली नाई. तिथीच उभी राह्यली. म्हणाली, “मिस्त्रीभाऊ, एक पुसू का? रागावू नका. हे घरात कवाच खोटं बोलले नाई. खोट गाडीतच होती न?”

इतक्या वर्षांत मले सरळ पुसणारी ती एकटी. तिचे डोळे माझ्या तोंडावरून हालत नव्हते. तिले माहीत होतं. कसं माहीत होतं, मी सांगू शकत नाई, पण तिले माहीत होतं अन् ते मले कळलं.

मी म्हटलं, “नाई भाभी. गाडी साफ होती.”

लतीफभाऊ तिच्यावर इतका चिडला, मी त्याले तसं कवाच पायलं नव्हतं. “घरी आलेल्या माणसावर शक घेते? मिस्त्रीचं काय अडलं आहे झूट बोलायले? माफी माग त्यांची. आत्ताच्या आत्ता माग.” ती डोक्यावरचा पदर सावरून, खाली पाहत म्हणाली, “माफ करा भाऊ. माझं चुकलं.”

मी चहा उचलला. म्हटलं, “जाऊ द्या भाभी. माझ्या मनात काई नाई.”